शाळेच्या लायब्ररीतलं ‘तसलं’ पुस्तक: निवेदनावर सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईची मुलगी आठवीत आणि मुलगा दहावीत आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हायस्कूलच्या लायब्ररीतल्या ‘जेंडर क्वीअर’ या पुस्तकातल्या दोन पानांचे फोटो आले. चित्रं उघड लैंगिक होती. पाठोपाठ एक निवेदन आलं: हे आणि सोबतच्या यादीतली बाकीची पुस्तकं शाळेतून ताबडतोब काढा, सह्या करा. त्या विचारतात, सही करू का? असलं पुस्तक शाळेत आलंच कसं? आणि शेवटी एक वाक्य: ‘आम्ही महाराष्ट्रात शिकलो तेव्हा असलं काही नव्हतं.’

मी न्यू जर्सीतल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये लायब्ररियन आहे. त्याआधी मिडल स्कूलची, म्हणजे साधारण सहावी ते आठवीची, लायब्ररी सांभाळली आहे, आणि अशा तक्रारींवर नेमलेल्या समित्यांमध्ये बसले आहे. ताई, माझं उत्तर आधीच सांगते: सही करू नका. पण ते फोटो पाहून तुमच्या पोटात गोळा आला असेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्यावरून तुम्हाला कुणी मागासलेलं ठरवत असेल तर ते ऐकून घेऊ नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती काय पडावं हे आईबापांनी विचारायचं नाही तर कुणी? माझा आक्षेप त्या यादीला आहे. न वाचलेल्या पुस्तकांची, कुठल्याशा दुसऱ्या राज्यातून फिरत आलेली यादी, आणि तिच्याखाली आपल्या गावातल्या माणसांच्या सह्या, हे मला कधीच पटलेलं नाही.

आधी ते पुस्तक. माया कोबाबे यांचं हे चित्ररूप आत्मकथन २०१९ मध्ये आलं. आपण मुलगी नाही, मुलगाही नाही, मग कोण, या गोंधळात गेलेलं लहानपण आणि तारुण्य त्यात आहे. पाळी सुरू झाल्यावरची धास्ती, डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीत झालेला त्रास, घरच्यांशी कसं बोलावं हे न कळणं, असं पुष्कळ काही. लैंगिक चित्रं मोजक्या पानांवर आहेत, पण ती सौम्य आहेत असं मी म्हणणार नाही. ज्या पानाचा फोटो सगळीकडे फिरतो त्यात दोन प्रौढांमधला प्रसंग स्पष्टच काढलेला आहे. मनात कल्पिलेलं आणि प्रत्यक्षात वाटणारं यांत फार अंतर आहे हे त्याच प्रसंगात लेखकाला जाणवतं आणि दोघं थांबतात. हे फोटोत येत नाही. हे कळल्याने चित्र कमी उघड होत नाही, हे मला मान्य आहे. पण पुस्तक कशासाठी लिहिलंय ते कळतं, आणि कुठल्याही पुस्तकाचा निकाल लावताना तेवढं तरी माहीत असायला हवं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीत २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं सर्वात जास्त आक्षेप याच पुस्तकावर आले.

आता ते शाळेत आलं कसं. शाळेची लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं दुकान नव्हे. आमच्याकडे पैसे थोडे, फळ्या मोजक्या. स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, लेखी निवड-धोरण असतं, त्यात कोणत्या निकषांवर पुस्तक घ्यायचं ते लिहिलेलं असतं. प्रत्येक पुस्तक विकत घेण्याआधी अथपासून इतिपर्यंत वाचणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून ‘स्कूल लायब्ररी जर्नल’, ‘बुकलिस्ट’, ‘कर्कस’, ‘हॉर्न बुक’ अशा नियतकालिकांतली परीक्षणं पाहायची, त्यात कोणती इयत्ता सुचवलीय ते बघायचं, आपल्या मुलांची मागणी काय आहे ते बघायचं आणि मग ऑर्डर द्यायची. ‘जेंडर क्वीअर’ला २०२० मध्ये ॲलेक्स पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार प्रौढांसाठी लिहिलेल्या, पण १२ ते १८ वयाच्या वाचकांनाही भावतील अशा दहा पुस्तकांना दर वर्षी दिला जातो. पुरस्कार म्हटला की शेकडो लायब्ररियन ते पुस्तक यादीत टाकतात. कुणी चोरून आणून ठेवलेलं नाही.

पण इथेच माझं माझ्या व्यवसायबंधूंशी भांडण आहे. ‘१२ ते १८’ ही काय वयोगटाची पट्टी झाली? बारा वर्षांचं पोर अजून सहावी-सातवीत असतं, रात्री दिवा लावून झोपतं. अठरा वर्षांचा मुलगा मतदान करतो. दोघांना एकाच ओळीत बसवायचं आणि मग पालकांनी हरकत घेतली की ‘सेन्सॉरशिप’ म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही. मी मिडल स्कूलमध्ये होते तेव्हा हे पुस्तक तिथे ठेवलं नसतं, आजही ठेवायला सांगणार नाही. खुद्द कोबाबे यांनीही ते हायस्कूल आणि त्यापुढच्या वाचकांसाठी असल्याचं मुलाखतींत सांगितलेलं आहे. चित्रं दिसली की मोठी माणसं ‘लहान मुलांचं पुस्तक’ समजतात आणि तिथे अर्धा घोटाळा होतो. हायस्कूलमध्ये मात्र ते असावं असं माझं मत आहे. जे मूल आपल्या शरीरात परक्यासारखं वावरतंय त्याला ते पुस्तक कसं धरून ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ते पाहायचं म्हणजे काय, तेही सांगते. अशी पुस्तकं मुलं बहुधा घरी नेतच नाहीत. संगणकात नोंद होते, नोंद झाली की कुणाला तरी कळतं, एवढं त्यांना समजतं. मग उन्हाळ्यात आम्ही फळ्या लावायला घेतो तेव्हा हे पुस्तक सापडतं ज्वालामुखींच्या पुस्तकांमागे, नाहीतर खालच्या फळीवरच्या जुन्या ॲटलासच्या आत. कॅटलॉगमध्ये वर्षभरात एकदाही बाहेर गेल्याची नोंद नाही, पण पाठीचा डिंक सुटलेला, कोपरे मऊ पडलेले, मधल्या एका पानाला बोटांचे डाग. ते पान बहुतेक वेळा चित्राचं नसतं. वयात येण्यावरच्या साध्या माहितीच्या पुस्तकांचं, अत्याचारातून बाहेर आलेल्या मुलीच्या कादंबरीचंही तसंच. नव्या लायब्ररियनला मी नेहमी सांगते, आकडे बघून अशी पुस्तकं रद्दीत काढू नका, आधी पाठ बघा.

आता कायदा. इथे दोन्ही बाजू पालकांची दिशाभूल करतात, म्हणून जरा सावकाश सांगते. निवेदनात ‘शाळेत पोर्नोग्राफी’ असा शब्द आहे. अमेरिकेत अश्लील ठरण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात घालून दिली. कलाकृती संपूर्ण पाहायची. ती कामवासना चाळवण्यासाठीच आहे का, लैंगिक वर्णन उघडउघड किळसवाणं आहे का, आणि तिला गंभीर असं साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मोल अजिबातच नाही का, या तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरच ती कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाते. ही कसोटी प्रौढांची. मुलांसाठी ती आधीच अधिक कडक केलेली आहे. १९६५ मध्ये लाँग आयलंडवरच्या बेलमोर गावात एका छोट्या उपाहारगृहाच्या मालकाने सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिकं विकली. प्रौढाला विकली असती तर गुन्हा झाला नसता. तरी १९६८ मध्ये ‘गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क’मध्ये न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. मुलांच्या बाबतीत राज्याला वेगळी रेषा आखता येते, हे तेव्हा ठरलं. तेव्हा ‘मुलांना काहीही वाचायचा घटनादत्त हक्क आहे’ असं जे कुणी सांगतात ते अर्धवट सांगतात. आणि पुरस्कार मिळालेल्या आत्मकथनाला पोर्नोग्राफी म्हणणारेही तसेच, कारण ‘संपूर्ण’ या अटीवर तो आरोप टिकत नाही.

शाळेच्या लायब्ररीबद्दलचा मुख्य खटला त्याच लाँग आयलंडवरचा, बेलमोरपासून फार दूर नसलेल्या लेविटाऊनच्या भागातला. तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या ग्रुपवर आज जे चाललंय ते तिथे पन्नास वर्षांपूर्वी झालं होतं. आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाचे काही सदस्य १९७५ च्या सप्टेंबरमध्ये एका पालक-संघटनेच्या परिषदेला गेले आणि तिथून ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांची यादी घेऊन आले. नोव्हेंबरमधल्या एका रात्री त्यांच्यापैकी दोघं हायस्कूलच्या लायब्ररीत गेले आणि कार्ड-कॅटलॉगचे खण उपसून यादीतली कोणती पुस्तकं आपल्याकडे आहेत ते शोधलं. नऊ सापडली. पुढच्या वर्षी ती काढायचा हुकूम निघाला. ओरड झाल्यावर बोर्डाने चार पालक आणि चार शाळेतली माणसं यांची समिती नेमली. समितीने वाचून सांगितलं की यातली बरीचशी परत ठेवा. बोर्डाने समितीचं न ऐकता एकच पुस्तक बिनशर्त परत केलं, आणि एक पालकांच्या परवानगीच्या अटीवर.

स्टीव्हन पिको हा विद्यार्थी आणि त्याचे काही सोबती कोर्टात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पण न्यायाधीशांचं कुठल्याही एका मतावर स्पष्ट बहुमत झालं नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मताचा गाभा असा: पुस्तकातला विचार पटत नाही म्हणून बोर्डाला ते काढता येणार नाही, मात्र ते सर्रास बीभत्स असेल किंवा शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य असेल तर काढता येईल. विद्यार्थ्यांच्या बाजूनेही हा दुसरा भाग मान्य केला होता. म्हणजे ‘एकदा ठेवलेलं पुस्तक कधीच काढता येत नाही’ असं या खटल्यात कुणी म्हटलेलंच नाही. सगळं येऊन अडतं ते कारण खरं काय आहे आणि ते ठरवलं कसं, यावर. रात्री कॅटलॉगचे खण उपसणाऱ्याला पुस्तकात काय आहे ते कळत नाही. तुमच्या निवेदनावरची यादी तुमच्या शाळेच्या ऑनलाइन कॅटलॉगशी अशीच कुणीतरी ताडून पाहिलेली असणार.

या निकालाचा पाया आता डळमळू लागलाय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. टेक्सासमधल्या लानो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकं काढल्याच्या खटल्यात फिफ्थ सर्किट या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मे २०२५ मध्ये म्हटलं की ग्रंथालयात काय ठेवायचं यावर वाचकाला घटनेचा आधार घेऊन दाद मागता येणार नाही. पीठातले काही न्यायाधीश तर म्हणाले की ते सरकारचं स्वतःचं बोलणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे प्रकरण ऐकायला नकार दिला. टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी या तीन राज्यांत तो निकाल लागू आहे. न्यू जर्सीला तो बांधील नाही, पण वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते कळतं. आणि मला त्याची काळजी वाटते. सरकारचं बोलणं म्हटलं की आज एका बाजूचं बोर्ड काही पुस्तकं काढेल, उद्या दुसऱ्या बाजूचं बोर्ड निवडून आलं की त्यांना नको असलेली काढेल. आपल्या घरातल्या पोथ्या आणि आपले संतही त्यातून कायमचे सुटतील याची हमी कुणी देऊ नये.

वाचणं वगळून नियमाने काम भागवायला गेलं की काय होतं, याची उदाहरणं गेल्या काही वर्षांत ढिगाने जमलीत. आयोवा राज्याने २०२३ मध्ये कायदा केला: शाळेत ज्या पुस्तकात लैंगिक क्रियेचं वर्णन किंवा चित्रण असेल ते काढा, धर्मग्रंथ तेवढे वगळा. किती पानांत, कशासाठी, कोणत्या इयत्तेसाठी, काही विचारायचं नाही. मेसन सिटी या गावात शाळा उघडायला दिवस थोडे, पुस्तकं हजारो. तिथल्या प्रशासनाने नेहमी आक्षेप येणाऱ्या पुस्तकांची यादी करून चॅटजीपीटीला विचारलं की यात लैंगिक क्रियेचं वर्णन आहे का. आलेल्या उत्तरांवरून १९ पुस्तकं काढायचं ठरलं. एका नियतकालिकाने तसाच प्रश्न त्याच यंत्राला पुन्हा विचारून पाहिला तर उत्तरं वेगळी आली. त्या अधिकाऱ्यांवर मी हसणार नाही. कायद्याने त्यांना न पेलणारं काम अंगावर टाकलं होतं आणि शिक्षेची टांगती तलवार वर होती. पण बलात्कारातून सावरणाऱ्या मुलीची कादंबरी आणि निव्वळ चाळवणारं पुस्तक यांतला फरक ज्याला कळत नाही अशा कसोटीने मुलांचं संरक्षण होत नाही.

युटामध्ये शाळेतल्या लैंगिक मजकुराबद्दलच्या २०२२ च्या कायद्यावर चिडलेल्या कुणीतरी डेव्हिस डिस्ट्रिक्टमध्ये थेट बायबलवरच तक्रार दाखल केली: यात अगम्यगमन आहे, बलात्कार आहे, मग हेही काढा. समितीने जून २०२३ मध्ये ते प्राथमिक आणि मिडल स्कूलमधून काढलं. गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात बोर्डाने परत ठेवलं. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यात लैंगिक वर्णनाचा आक्षेप आला की पाच शालेय दिवसांत पुस्तक बाजूला काढून ठेवायचं आणि मग तपासायचं, असा क्रम आहे. शिवाय पालक बोर्डाच्या बैठकीत उतारा वाचत असताना मजकुरामुळे त्याला थांबवलं, तर ते पुस्तक शाळेत वापरायचंच नाही! म्हणजे माईकवर वाचलेला एक परिच्छेद अख्ख्या पुस्तकाचा निकाल लावतो. तिथल्या एस्कॅम्बिया काउंटीत तपासणीसाठी काढलेल्या हजारावर पुस्तकांमध्ये शब्दकोशही होते, कारण शब्दकोशात ते शब्द असतातच. फ्लोरिडाच्या या कायद्यातल्या ‘लैंगिक वर्णन’ या सरसकट तरतुदीला ऑगस्ट २०२५ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने घटनाबाह्य ठरवलं. पण मधल्या काळात ज्या मुलांची शाळा संपली त्यांची वर्षं काही परत येत नाहीत.

आकड्यांचं म्हणाल तर ते ऐकताना थोडं थांबा. ‘पेन अमेरिका’ या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या शालेय वर्षात पुस्तकं काढल्याच्या १०,०४६ घटना मोजल्या. त्या घटना आहेत, पुस्तकं नव्हेत. एकच पुस्तक दहा ठिकाणी काढलं तर दहा घटना. तपासणीसाठी काही काळ बाजूला ठेवलेलंही त्यात येतं. पुढच्या वर्षी हा आकडा ६,८७० होता. बातम्यांमध्ये हे सगळं ‘बंदी’ या एकाच शब्दात बसवतात, आणि मग दुसरी बाजू म्हणते की पुस्तक ॲमेझॉनवर मिळतं, बंदी कसली? दोन्हीकडून शब्दांची ओढाताण होते. ज्याच्या घरी पुस्तकं विकत घेतली जात नाहीत, ज्याला गावातल्या पब्लिक लायब्ररीत सोडायला गाडी नाही, त्या मुलाला शाळेतून गेलेलं पुस्तक गेलंच. तक्रारी येतात कुठून तेही बघा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०२१-२२ मधल्या सुमारे हजार तक्रारी मिळवून तपासल्या तेव्हा त्यातल्या साठ टक्के तक्रारी अवघ्या अकरा जणांनी केल्याचं निघालं. तुम्ही सही केलीत की तुमचं नाव अशाच कुणाच्या यादीखाली जातं, तुमच्या मुलीबद्दलची तुमची काळजी मात्र त्यात कुठेच उतरत नाही.

आमच्या बाजूचा एक युक्तिवाद मला मुळीच पटत नाही, तोही सांगते: ‘मुलांच्या फोनवर यापेक्षा भयंकर असतं, मग पुस्तकाचं काय एवढं?’ फोनवर जे आहे ते शाळेने निवडून दिलेलं नाही. शाळा एखादं पुस्तक फळीवर ठेवते तेव्हा ‘हे वाचण्याजोगं आहे’ असं आपलं नाव लावून सांगते, आणि त्याचं उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत. पालकाने विचारलं की हे का घेतलं, तर लायब्ररियनला परीक्षण काढून दाखवता आलं पाहिजे, आणि आपण ते कोणत्या वयासाठी घेतलं ते सांगता आलं पाहिजे. जी लायब्ररियन हे उत्तर देऊ शकत नाही ती आपल्या कामात कमी पडते, मग ती कितीही स्वातंत्र्याच्या गप्पा मारो. उलट, अशा पुस्तकामुळे लायब्ररियनला भर सभेत मुलं बिघडवणारी म्हणायचं, तिचा फोटो फेसबुकवर टाकायचा, हे न्यू जर्सीतही घडलंय. त्यानंतर माणसं नोकरी सोडतात, आणि जी राहतात ती भीतीने ऑर्डरच देत नाहीत. न घेतलेल्या पुस्तकांची नोंद कुठेच होत नाही.

एक गल्लत ग्रुपवर हमखास होते. जून २०२५ मध्ये ‘महमूद विरुद्ध टेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल देऊन मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांना दिलासा दिला. तिथे प्राथमिक वर्गांत समलिंगी आणि ट्रान्स पात्रांच्या गोष्टी वाचून दाखवत आणि धार्मिक कारणाने मुलाला बाहेर ठेवायची मुभा शाळेने काढून घेतली होती. ती मुभा द्यायला हवी असं न्यायालय म्हणालं. हे वर्गात वाचून दाखवण्याबद्दल आहे. वर्गात बसलेल्या मुलाला उठून जाता येत नाही. लायब्ररीत मूल स्वतः फळीपाशी जातं, स्वतः पुस्तक उचलतं, आणि नको असेल तर ठेवून देतं. त्या निकालाचा दाखला देऊन फळीवरची पुस्तकं काढायला सांगणारा संदेश तुम्हाला आला असेल तर तो निकाल न वाचता लिहिलेला आहे.

‘महाराष्ट्रात असलं काही नव्हतं’ म्हणालात. शाळेच्या कपाटात नव्हतं हे खरं. आमच्या शाळेत तर कपाटाला कुलूपच असे. पण वाद आपल्याकडे अगदी हाच होता. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत, त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावरचा खटला दिल्लीपर्यंत गेला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी संपूर्ण कथा वाचली आणि ती अश्लील नाही म्हणून काकोडकरांना सोडलं. कुठल्या परिच्छेदावर बोट ठेवलंय एवढंच पाहिलं असतं तर निकाल वेगळा लागला असता.

आता तुमच्या घरचं. मुलगी आठवीत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये. पहिलं काम, तिच्या शाळेचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा. तो बहुतेक शाळांत ‘डेस्टिनी’ नावाच्या प्रणालीवर असतो, शाळेच्या वेबसाइटवरून दिसतो. पुस्तक तिच्या शाळेत आहे की फक्त मुलाच्या हायस्कूलमध्ये आहे ते बघा. निवेदनातल्या अर्ध्याअधिक नावांचा तुमच्या शाळांशी काही संबंध नसेल असा माझा अंदाज आहे. मिडल स्कूलमध्ये असेलच, तर लायब्ररियनला ईमेल करून भेटीची वेळ मागा आणि विचारा की कोणत्या परीक्षणावरून इथे घेतलं. वय चुकलं असेल तर पुस्तक हायस्कूलला पाठवणं हा साधा उपाय आहे, त्याला निवेदन लागत नाही. मी स्वतः अशी पुस्तकं इकडून तिकडे पाठवली आहेत आणि कुणाच्याही स्वातंत्र्याला धक्का लागलेला नाही.

तुमच्या मुलाने किंवा मुलीने ठरावीक पुस्तकं नेऊ नयेत असं तुम्हाला वाटत असेल तर ते लेखी कळवा. पुष्कळ शाळांत मुलाच्या खात्यावर तशी सूचना घालता येते. तुमच्या मुलापुरता तुमचा शब्द चालतो आणि चालायलाच हवा. शेजारच्या मुलाचं त्याचे आईबाप बघतील. तुमच्याच ग्रुपमधली एखादी आई आपल्या मुलासाठी हेच पुस्तक शोधत असेल, आणि ती ग्रुपवर ते कधीच लिहिणार नाही.

हे सगळं करूनही पुस्तक हायस्कूलमध्येसुद्धा नको असं तुमचं ठाम मत असेल तर त्यालाही रीतसर वाट आहे. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ‘फ्रीडम टू रीड’ कायद्यावर सही केली. त्याप्रमाणे प्रत्येक स्कूल बोर्डाने पुस्तकं निवडण्याचं आणि काढण्याचं धोरण करायचं आहे. तक्रार करता येते ती त्या शाळांशी खरा संबंध असलेल्यांना: तिथले पालक, विद्यार्थी, शिक्षक, रहिवासी. तक्रारीवर समिती बसते, तिचा अहवाल बोर्डापुढे जातो, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवर राहतं. लेखक कोण, कुठला, त्याचे विचार काय, एवढ्यावरून पुस्तक काढता येत नाही. सद्भावनेने काम करणाऱ्या लायब्ररियनला कायद्याचं संरक्षण आहे. मला हा क्रम फ्लोरिडापेक्षा न्याय्य वाटतो, कारण आधी वाचणं आणि मग ठरवणं असा तो आहे.

तक्रार अर्जावर साधारण हे प्रश्न असतात: पुस्तक पूर्ण पाहिलंत का, कोणत्या भागाला आक्षेप आहे, तुमच्या मते पुस्तकाचा विषय काय, त्याऐवजी काय सुचवाल, आणि काय व्हावं असं वाटतं. पहिल्या प्रश्नापाशी खूप जणांचा पेन थांबतो. मी ज्या समित्यांत बसले तिथे पालक पुस्तक संपवून आले की चर्चेचा नूरच बदलायचा. काहीजण म्हणायचे, आता मला ते काढायला नको आहे, पण नववीच्या मुलांना सहज हाती पडू नये. काहीजण वाचूनही काढाच म्हणायचे, आणि मग त्यांच्या मुद्द्याला वजन यायचं, कारण पान क्रमांकाच्या पुढे-मागे काय आहे ते त्यांना माहीत असायचं. वाचून विरोध करणाऱ्या पालकाचा मी फार आदर करते. न वाचता पाठिंबा देणाऱ्या शिक्षकापेक्षा नक्कीच जास्त.

तेव्हा पब्लिक लायब्ररीतून ते पुस्तक आणा. चित्रांचं पुस्तक आहे, दोन संध्याकाळी पुरतात. दहावीतल्या मुलाला सांगा की मी हे वाचते आहे आणि का वाचते आहे. त्याने ते आधीच पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, कारण गाजावाजा झालेलं पुस्तक मुलं सर्वात आधी शोधतात. आणि समितीवर पालकाची जागा असते. ती भरायला मुख्याध्यापकांना दर वेळी फोन करून माणसं शोधावी लागतात, आपले भारतीय पालक तर तिथे फारच क्वचित दिसतात. निवेदनावर सही करण्याऐवजी तिथे तुमचं नाव कळवा.